साठ पॉइंट एकदम

आमच्या इस्पितळातल्या पाइप फिटरला सगळे शंकासुर म्हणत. खोटं कशाला बोलू, ते नाव मीच पाडलेलं. बायकोनं चहा दिला तरी हा आधी कपाची कड बघणार. लग्न ठरताना सासऱ्याचं वय विचारलं, आणि वर दाखलाही मागितला म्हणे!

साथ वाढली तसा वरून हुकूम आला, आठवड्यात साठ खाटा वाढवा. शेजारच्या बंद शाळेचा हॉल मिळाला. खाटा आल्या, प्रत्येकीच्या उशाशी ऑक्सिजनचा पॉइंट बसला. सकाळी रुग्ण यायचे होते. अडली होती फक्त शंकासुराची सही.

"एकेक पॉइंट तपासलाय, साठही चालतात," मोठे साहेब म्हणाले.

"एकेक चालतात, साहेब. पण माणसं काय पाळीपाळीनं श्वास घेणार आहेत?"

"तुझं नेहमीचंच खुसपट!"

"पाच मिनिटं द्या. सगळे एकदम उघडतो."

उघडले. पहिल्या रांगेत फुसफुस जोरात, पुढे पुढे मऊ. त्रेचाळिसाव्यापाशी त्यानं तळहात धरला, तर हवा लागेचना. मुख्य लाइनच बारीक घातली होती.

आता खरी गोम ऐका. त्याचा सासरा घरी धापा टाकत होता, यादीत एक्कावन्नावा. सही झाली की सकाळी खाट! साहेबांनी तेवढं हळूच कानात सांगितलंही. कशासाठी, ते तुम्हीच ओळखा. शंकासुरानं कागदावरचे साठ खोडले, बेचाळीस लिहिलं, खाली जाड लाइनची मागणी लिहिली आणि सही ठोकली.

घरी बायको कडाडली, "माझ्या बापाशी तुमचं पहिल्यापासूनच वाकडं!"

"हवा नसलेल्या पॉइंटखाली निजवू त्यांना?"

"म्हणजे सगळं इस्पितळ खोटं, तुम्ही एकटे खरे?"

तो तिला तडक हॉलवर घेऊन आला. पुन्हा साठही उघडले. एक्कावन्नाव्यापाशी तिनं हात धरला. मग पहिल्यापाशी जाऊन धरला. परत येऊन पुन्हा एक्कावन्नाव्यापाशी.

"जाड लाइन कधी येणार?" तिनं विचारलं.

"उद्या सकाळी."

"कोण म्हणालं?"

"साहेब."

"मग इथं काय उभे राहिलात? गोदामातून स्वतः घेऊन या!"

तो टेम्पो काढून गेला. लाइन बदलायला दीड दिवस लागला. तोवर सासरा घरी पालथा पडून दम धरून होता. मग त्याला एक्कावन्नावी खाट मिळाली; लेक उशाच्या पॉइंटपाशी तळहात धरून हवा बघत होती.