दिवाळीत गुंडाळलेलं मशीन

आमच्या जुन्या कंपनीतली माणसं कुणाच्या लग्नात भेटली की पगारवाढ, संप सगळं मागं पडतं आणि विषय निघतो गवत कापायच्या मशीनचा. एकानं एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. मी तिथं स्टोअरकीपर होतो, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलेत. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

कंपनी भिवंडीजवळच्या वडप्याची, काळ नव्वदच्या आगेमागे. ऑफिससमोर हिरवळ आणि तिच्यासाठी पेट्रोलवरचं, दोरी ओढून सुरू करायचं मशीन. पावसाळाभर ते चालायचं. दिवाळीला गवत वाळलं की टाकी रिकामी करायची, उरल्यासुरल्या पेट्रोलवर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, प्लग काढून भोकात चमचाभर ऑईल सोडायचं आणि मशीन गुंडाळून शेडमध्ये ठेवायचं ते थेट जूनपर्यंत. हे काम खारबावच्या बाळूदादाचं. तो आमचा माळी. जूनमधली पहिली दोरीही तोच ओढणार. प्लग काढायला तेवढा मेन्टेनन्सचा सदा मिस्त्री, बाकी दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही.

* * *

भिवंडीत कापडाला काय तोटा! एका वर्षी बाळूदादानं लूमवरचं पांढरं रिजेक्ट कापड आणून मशीन पार झाकून टाकलं. वॉचमन अन्सारीचाचा गावाहून परतले, शेडमध्ये डोकावले आणि टोपी सारखी करून दुआ मागायला लागले.

"कौन गुजर गया?"

"कोन न्हाय चाचा," बाळूदादा म्हणाला. "झोपलंय. जूनला उठंल."

* * *

एकदा सदा मिस्त्री प्लग काढून चहाला गेला. परत येतो तर बाळूदादानं मशीनला हळदकुंकू लावून अक्षता वाहिलेल्या, आणि त्यातल्या निम्म्या प्लगच्या भोकातून आत गेलेल्या. अख्खं इंजिन खोलावं लागलं.

"अरे, इंजिनाच्या पोटात तांदूळ?"

"सणाचं हाय. उपाशी कसं ठेवू?"

* * *

पुढच्या दिवाळीला मिस्त्री रजेवर, मी सासुरवाडीला आणि स्टोअरची किल्ली माझ्या खिशात. ऑईल मिळेना, तेव्हा बाळूदादानं आपलं डोक्याला लावायचं खोबरेल सोडलं. जूनमध्ये मशीन सुरू झालं आणि खमंग धूर सगळीकडे पसरला. मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले.

"आज कॅन्टीनला काय बनवलंय?"

* * *

मग एका हिवाळ्यात बाळूदादाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. घरात कमावणारा तो एकटाच. साहेबांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं, "जूनपर्यंत थांबतो. त्याला मशीन सुरू करता आलं तर ठीक, नाहीतर हिरवळ कंत्राटदाराकडे."

जूनमध्ये तो आला, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. मिस्त्रीनं मशीनवरचं कापड सोडलं. साहेब व्हरांड्यात उभे. बाळूदादानं डाव्या हातानं दोरी ओढली. इंजिन फुरफुरलं आणि गप्प झालं. परत ओढली. तेच.

"राहू दे बाळू," साहेब म्हणाले.

त्यानं दोरी सोडली नाही. मिस्त्री पुढं झाला आणि त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. त्यावर चाचांची. मग माझी. बाळूदादानं त्या दिवशी कुणाचाच हात झटकला नाही. आम्ही एकदम ओढलं आणि मशीन धडधडायला लागलं.

साहेबांनी सगळं बघितलं होतं. तरी विचारलं, "कुणी सुरू केलं?"

"बाळूनं," मिस्त्री म्हणाला.

"बालूने, साब," चाचा म्हणाले.

मी मान हलवली.



"मग दिवाळीत गुंडाळायचंही त्यानंच," साहेब म्हणाले आणि आत गेले.