मुरबाडला क्वालिटी आणताना

कंपन्यांना क्वालिटी शिकवायला गेलं की क्वालिटी किती येते देव जाणे, किस्से मात्र पोतंभर येतात! नव्वदच्या दशकात ज्याला त्याला आयएसओचं सर्टिफिकेट हवं होतं, आणि मी ट्रेनर म्हणून तालुक्या-तालुक्यांत फिरत होतो. त्यात मुरबाड एमआयडीसीतला नटबोल्टचा एक कारखाना माझा विशेष लाडका.

तिथे मामला गंभीर होता. परदेशी गिऱ्हाइकाने शेठना बजावलं होतं, दिवाळीच्या आत सर्टिफिकेट नाही तर ऑर्डर नाही. आणि ऑर्डर नाही तर सेकंड शिफ्ट बंद! किन्हवलीच्या सुमनताई सेकंड शिफ्टच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाठलं. "सर, पास व्हायचं ना आपन? माज्या पोरीचं कॉलेज हाय त्याच्यावर."

मी म्हटलं, "होणार म्हणजे होणारच!"

*

सर्टिफिकेटआधी तपासायला येणारा ऑडिटर कोणालाही अडवून 'क्वालिटी पॉलिसी' विचारतो, म्हणून ती सगळ्यांना पाठ हवी. कोणालाच होईना. फोरमन दशरथभाऊ सापगावच्या भजनी मंडळातले. म्हणाले, "चाल लावू का?" आणि खरंच लावली! आठवड्यात अख्ख्या शेडला पाठ.

मी खूश. परीक्षा म्हणून एका ऑपरेटरला विचारलं, "सांग, आपली पॉलिसी काय?" तो हळूच म्हणाला, "सर, टाळ्यांबिगर नाय येत."

म्हटलं, वाजव. त्याने सुरुवात केली, शेजारच्याने ओळ उचलली, आणि बघता बघता सगळी शेड मशिनं सोडून 'ग्राहकाचे समाधान' आळवायला लागली. शेठ केबिनमधून धावत आले. त्यांना वाटलं, संप झाला!

*

मग आलं फाइव्ह एस, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायची जपानी पद्धत. पहिली पायरी सोपी. जी वस्तू वर्षभरात वापरली नाही तिला लाल टॅग बांधायचा आणि बाहेर काढायची. मोडकी टेबलं, गंजके डबे, सगळ्यांना टॅग लागले. शेठचे मेव्हणे कंपनीत मॅनेजर होते. ते जेवण करून खुर्चीत डुलकी काढत होते. जाग आली तर मनगटाला टॅग!

शेठनी तो मोठ्याने वाचला. "'वर्षभरात वापर नाही.' कोणी लिहिलंय हे?"

सगळे आपापल्या मशीनकडे सरकायला लागले.

"चुकीचं आहे," शेठ म्हणाले. "तीन वर्षं झाली!"

*

सूचनापेटी लावली. कित्येक दिवस रिकामीच. शेवटी एकदाची आत चिठ्ठी सापडली! मी सगळ्यांना जमवून वाचली. 'ही पेटी येता-जाता डोक्याला लागते. हलवा.'

पेटी हलवली. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, सगळं दिमाखात बोर्डावर चिकटवून बोर्ड दारापाशी टांगला. काही दिवसांनी दुसरी चिठ्ठी आली. 'आता बोर्ड लागतो.'

*

एकदा बराच माल बाद झाला. मी खडू घेऊन फळ्यापाशी. म्हटलं, पाच वेळा 'का' विचारलं की मूळ कारण सापडतं.

"माल बाद का झाला?"

"मशीनवर कोन नव्हतं."

"का नव्हतं?"

"सगली ट्रेनिंगला बसलेली."

"ट्रेनिंगला का?"

"तुमी बोलावलं."

"मी का बोलावलं?"

"माल बाद होतो म्हनून!" दशरथभाऊ म्हणाले.

पाचवा 'का' मी विचारला नाही.

*

ऑडिटची तारीख आली ती नेमकी खंडेनवमीची! मी कळवळून सांगितलं होतं, पूजा संध्याकाळी ठेवा. पण भटजींना संध्याकाळी टाइम नव्हता.

ऑडिटर साहेब कडक माणूस. सकाळी कागद तपासले, चहा घेतला आणि शेडमध्ये आले. एक बोल्ट उचलून म्हणाले, "हा मोजून दाखवा."

दशरथभाऊंनी हात जोडले. "साहेब, मापाचं गेज पूजेला बसलंय. आज हत्यार नाय उचलत."

"म्हणजे आज तपासणी नाही? मग हे मला लिहावं लागेल."

शेठचा चेहरा पांढरा पडला. मला तर पुढे बघवेना. साहेबांनी खिशाकडे हात नेला. खिसा रिकामा!

पूजेसाठी सकाळीच आलेल्या सुमनताई पुढे झाल्या. "साहेब, तुमचं पेन चाच्या टेबलावर ऱ्हायलेलं. मी पूजेला ठेवलंय. तुमचं हत्यार त्येच ना?"

पाटावर गेज, पाने-पक्कडी, हातोड्या, आणि त्यांच्या रांगेत साहेबांचं पेन! वर हळदकुंकू, झेंडूचं फूल.

साहेबांनी हात पुढे केला. थांबले. मागे घेतला. मग बूट काढून नमस्कार केला.

"उद्या दसऱ्याची सुट्टी ना? परवा येतो," ते म्हणाले. "आधी तुमचं गेज उचलायचं. मग माझं पेन."