चांगल्या सालाचा बर्फ

माघ महिन्यात हिमालयात औलीला माझा भाऊ दिनकर बर्फाखाली सापडून वारला. रस्ता बंद होता, म्हणून जोशीमठच्या लोकांनीच त्याला अग्नी दिला. आम्हाला चोपड्याला तार मिळाली तेव्हा ते उरकले होते.

पुढे अक्षय्य तृतीया आली. आमच्या खानदेशात तिला आखाजी म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरून ठेवतात, उन्हाळ्यात त्याला पाणी मिळावे म्हणून. वडिलांची घागर आईने भरली. दिनूची भरू दिली नाही. "तो तठे शे," ती म्हणाली. "आठे पानी भरीसन त्याले कसं भेटी?" (तो तिथे आहे, इथे पाणी भरून त्याला कसे मिळेल?)

म्हणून वर्ष भरत आले तेव्हा मी घागर घेऊन निघालो. मी धुळ्याला एका कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि जळगावच्या पलीकडचा देश बहुतेक पुस्तकांतच पाहिलेला. दिनू माझ्याहून बराच लहान. कॉलेजात असताना गिर्यारोहणाच्या शिबिराला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. हिवाळ्यात तो लोकांना बर्फावर घसरायला शिकवी. हा पगारी उद्योग असू शकतो, हे आमच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत पटले नाही.

जळगावच्या फलाटावर टोपीवाल्या एका नानांनी माझ्या मांडीवरची घागर पाहिली.

"का भाऊ, दिल्लीले पानी भेटत नई का?"

"भेटस नाना. मायनी दिधी शे." (मिळते. आईने दिली आहे.)

"मंग जपीसन लई जाय," (मग जपून ने) ते म्हणाले आणि गाडी येईपर्यंत त्यांनी आपली वळकटी घागरीला टेकू म्हणून लावून ठेवली.

ऋषिकेशला बसचा ड्रायव्हर म्हणाला, वर खूप बर्फ आहे, गाडी पोहोचेल की नाही सांगता येत नाही. मी दोन स्वेटर चढवले. जोशीमठला चहावाला म्हणाला, "बर्फ? इस साल कहाँ?" दोघेही शपथेवर बोलावे तसे बोलत होते. मी एक स्वेटर काढला आणि थंडीने कुडकुडलो.

औलीला चालत चढलो. रोपवेचे खांब उभे होते, गाडी सुरू झालेली नव्हती. दिनूने पाठवलेल्या फोटोंत सगळे पांढरे होते. समोर दिसले ते वाळलेले गवत, फाल्गुनातल्या आमच्या माळासारखे. बर्फ झाडांच्या सावलीत तुकड्या-तुकड्यांनी पडून होता, तोही मळका. घसरणाऱ्यांनी वळसे घेत यावे म्हणून रोवलेल्या लाल-निळ्या काठ्या गवतात उभ्या होत्या. आपण चुकीच्या डोंगरावर आलो की काय, असे मला वाटले.

मुक्कामाची सोय नेगी नावाच्या गृहस्थांकडे होती. चहा देता देता त्यांनी हंगामाची कहाणी सांगितली. पौषात बर्फ कमरेइतका पडला. त्यांनी गिऱ्हाइकांना तारा केल्या. गिऱ्हाइके पोहोचली त्या दिवशी पाऊस झाला आणि बर्फ वाहून गेला. मग कडाका पडला आणि उरलेला काचेसारखा झाला. दोघांचे हात मोडले. आता ऊन.

"पिछला साल अच्छा था," ते म्हणाले. "वैसा बर्फ मैंने कभी नहीं देखा. भगवान वैसा साल फिर दे."

मी कोण, हे मी अजून सांगितले नव्हते. राग यायला हवा होता, पण मला आमचा पाऊस आठवला. पांझरेच्या पुराने कोणाला नेले तरी पीक आले म्हणून ते साल चांगलेच म्हटले जाते. मीही म्हटले आहे. मी भावाचे नाव सांगितले.

नेगींनी किटली खाली ठेवली. "साल तो अच्छा ही था, भाईसाहब," ते म्हणाले. "मैं क्या बोलूँ."

दुपारी दिनूबरोबर शिकवणारा बिष्ट मला वर घेऊन गेला. नेगीही आले. एका खडकापाशी बिष्ट थांबला. "यहाँ."

"यहाँ नहीं, नाले के उस पार," नेगी म्हणाले.

"तुम तो रसोई में थे."

"और तू उल्टा पड़ा था. तूने क्या देखा?"

बिष्टने खडकावर काठी आपटली. मग तो हळू आवाजात म्हणाला, त्या दिवशी हा खडक दिसतच नव्हता. आम्ही याच्या कितीतरी वरून चालत होतो. मला समजायला वेळ लागला. दिनू जिथे सापडला ती जागा जमिनीवर नव्हतीच. ती बर्फात होती, आणि तो बर्फ वितळून अलकनंदेत गेला होता.

"मग घागर कुठे ठेवू?" मी हिंदीत विचारले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "बीच में रख दो," नेगी म्हणाले.

खडक आणि नाला यांच्या मध्ये जागा साफ केली. आमच्याकडे घागरीखाली मातीची चार ढेकळे ठेवतात, पावसाच्या चार महिन्यांच्या नावाने. जे ढेकूळ भिजेल त्या महिन्यात पाऊस. हे सांगताच नेगींनी टाचेने माती उकरून ढेकळे आणली. पाऊस नको, बर्फाचे बघू, म्हणाले. फाल्गुनाचे कोणते ते विचारून घेतले आणि ते हळूच घागरीच्या पोटाखाली सरकवले.

"यह बेईमानी है," बिष्ट म्हणाला. मला हसू आले, आणि हसावे की नाही ते कळेना.

नाल्याचे पाणी भरले, दिनूचे नाव घेतले. आमच्या रिवाजाप्रमाणे भरलेली घागर तिथेच ठेवून खाली आलो.

सकाळी सगळीकडे पांढरे होते. नेगी दारात हात पसरून उभे होते. "आ गया, भाईसाहब." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मी काय चेहरा करावा ते मला समजले नाही.

वर गेलो. घागर फुटली होती. खापऱ्या बाजूला पडल्या होत्या आणि मध्ये पाणी उभे होते, गोठलेले, घागरीच्याच आकाराचे. पाणी गोठल्यावर फुगते हे मी शाळेत शिकलो होतो. चोपड्याच्या घागरीला ते लागू पडेल, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

"पाणी त्याला पोहोचले की नाही?" मी बिष्टला विचारले.

"पिघलेगा कभी," तो म्हणाला.

दुपारी ऊन आले, नवा बर्फ चिखल झाला आणि नेगींचा चेहरा पुन्हा उतरला. निघताना त्यांनी विचारले, फाल्गुनाचे ढेकूळ ओले होते का? सगळेच बर्फाखाली गेले होते, मी म्हणालो.

"तो गीला ही समझो," ते म्हणाले.

घरी आल्यावर आईपासून मी काही लपवले नाही. ती दादर (ज्वारी) पाखडत होती. पाण्याचे सांगितले तेव्हा सूप थांबले.

"तठे पानीबी पानी ऱ्हात नई," ती म्हणाली. (तिथे पाणीसुद्धा पाणी राहत नाही.) सूप पुन्हा हलवत म्हणाली, "त्याले आठेच बलाव." (त्याला इथेच बोलाव.)

त्या आखाजीला घरात दोन घागरी भरल्या. हिवाळ्यात औलीला चांगला बर्फ पडल्याची बातमी आली की मी ती वाचतो. ती चांगली की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही.

आई आता नाही. आखाजीला मी तीन घागरी भरतो.