वेशीवर नेलेली खोली

"एक पाऊल पुढे टाकू नका! टाकं तर तंगडं मोडी टाकसू! आणि जेवल्याबिगर मागे फिरनात, तरी तंगडं मोडी टाकसू!"

आमच्या गावाच्या वेशीवर, बाभळीच्या काट्यांच्या पुरुषभर उंच ढिगामागे उभे राहून माझे सासरे, म्हणजे नाना, ओरडत होते. त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात टॉवेल, टोपी, नारळ. काठी गावाने दिलेली, बाकीचं घरचं. ढिगाच्या पलीकडे एक छोटी पांढरी गाडी उभी होती आणि तिच्या काचेमागे धुळ्याचं एक जोडपं तोंडाला मास्क लावून बसलं होतं. मास्कमुळे फक्त डोळे दिसत होते, आणि त्या चारही डोळ्यांत एकच प्रश्न होता, आपलं तंगडं नक्की कशासाठी मोडणार आहेत?

नानांचा आवाज असा, की त्यांनी शेतातून चहा मागितला तर पारोळ्याच्या किल्ल्यावरची पाखरं उडतात आणि तिथला हॉटेलवाला कप विसळायला घेतो. हे कसं घडलं ते सांगते. खरं तेच सांगते. कुठे थोडं वाढवलं असेल, तर ते पंगतीत आग्रह करून वाढतात तसं.

गावापलीकडच्या आमच्या मळ्यात एक खोली आहे. मळा नानांचा आणि त्यांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे आबांचा, सामाईक. रखवालदारासाठी बांधलेली ती खोली मी हट्ट करून पाहुण्यांसाठी सजवली आणि मोबाईलच्या त्या ॲपवर टाकली, ज्यावर लोक आपलं घर परक्यांना राहायला देतात. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरातल्या पायपुसण्याचा रंगसुद्धा माझ्या मनाने ठरला नव्हता. त्या खोलीत मी चार भिंतींना चार रंग दिले. कमोड बसवला, तर तो बघायला नशिराबादपासून सोयरे आले. एका मावशींनी त्याला हळदकुंकू वाहिलं म्हणतात, मी पाहिलं नाही. ॲपवर मी फोटो टाकले कापसाच्या रानाचा, पलंगाचा, पडद्यांचा, आणि काट्याकुट्यांच्या जाळावर वांगी भाजत बसलेल्या अक्कांचा. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. पलंगाकडे कोणी बघितलं नसावं. अक्कांपुढची वांगी बघूनच लोकांनी खोली धरली.

आबांना मात्र तिथे ठिबकच्या नळ्या ठेवायच्या होत्या. उघड्यावर पडलेल्या नळ्या खारी कुरतडत होत्या, आणि आबांना खारींचा राग माणसांच्या रागापेक्षा जास्त. आबा मुळात बोलत नाहीत. त्यांच्या लग्नाचा होकारसुद्धा नानांनीच दिला होता म्हणे. पण खोलीवरून ते बोलले.

"पाडव्यापर्यंत एक तरी पाहुना मुक्कामी उना, तर खोली तुमनी. नही उना, तर नळ्या."

एवढं बोलून ते जे गप्प झाले, ते होळी उलटली तरी गप्पच.

मला कसली काळजी? पाडव्याच्या आत तीन बुकिंग होत्या. पुण्याचं एक कुटुंब, नाशिकचे दोन मित्र आणि हे धुळ्याचं जोडपं. मी उशांना अभ्रे शिवले. अक्कांनी पुरणाचे मांडे भाजायचं खापर काढून घासून ठेवलं. आणि नेमकं तेव्हा टीव्हीवर धोत्र्याच्या बोंडासारखं काटेरी काहीतरी दिवसरात्र गरगरायला लागलं.

मग मोबाईल वाजला. पुणेकरांनी बुकिंग रद्द केली. पाठोपाठ नाशिककरांनीही. नाना ओट्यावर बसले होते, त्यांना सांगितलं.

"रद्द? काबर? आमनं काय चुकनं?"

"काही चुकलं नाही नाना, रोग आला आहे."

नाना माझ्याकडे बघून हसले. लेकरू बघून हसावं तसं.

"रोग निमित्त शे पोरी. पाहुना रुसना."

आता नानांच्या या बोलण्याला हसू नका. आमच्याकडे लग्नात रुसवा ही काही गंमत नाही. जावई ऐन पंगतीतून उठून दूर झाडाखाली जाऊन बसतो, कोणी मामा उलट्या दिशेने एसटी धरतो, आणि तो परत आल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. रुसवा काढायला पंचक्रोशीतून नानांना बोलावणं येतं. त्यांची पद्धत ठरलेली. रुसलेल्याच्या शेजारी जाऊन बसायचं, न केलेल्या चुका कबूल करायच्या, टॉवेल-टोपी द्यायची आणि तो उठेपर्यंत आपणही उठायचं नाही. एकदा एक जावई इतका रुसला होता की नाना त्याच्याजवळ बसले तेव्हा लोक शेतात कापूस पेरत होते आणि दोघं उठले तेव्हा वेचणी चालू होती. असं नाना सांगतात. मी तेव्हा माहेरी होते.

नानांनी रुसव्याचं कारणही शोधून काढलं. आपण पाहुण्यांना अक्षता दिल्या नाहीत, घरी जाऊन बोलावलं नाही, नुसतं मोबाईलवर "स्वागत आहे" म्हटलं. असं बोलावणं कुत्रंसुद्धा मनावर घेणार नाही.

"लाव फोन," नाना म्हणाले.

मी पुण्याला फोन लावला. नानांना फोनची गरज नव्हती, पण रीत म्हणून हातात धरला.

"नमस्कार साहेब! आमचं चुकलं! पोटात घाला!"

"कोण बोलतंय? काय चुकलं?" पलीकडून घाबरलेला आवाज आला.

"बठ्ठं चुकनं साहेब! मानपान राहिला! तुमच्या आईसाहेबांना लुगडं ठेवलं आहे, तुम्हाला टॉवेल-टोपी. राग सोडा आणि या!"

"अहो आजोबा, राग नाही. इथे साथ आहे. आमची सोसायटीच सील केली आहे."

नानांनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "बघ. पुरी सोसायटी रुसनी."

नाशिकच्या मित्रांनी तर नानांचा आवाज ऐकला आणि वसुलीचा माणूस समजून फोन बंद केला. राहिले धुळेकर. त्यांची बुकिंग अजून तशीच होती. नवरा बिचारा मऊ स्वभावाचा. तो फोनवर म्हणाला, "नाना, आम्ही रद्दच करणार होतो." त्यावर नानांनी आमच्या घराण्याने न केलेले अपराध एकेक करून कबूल करायला सुरुवात केली. वरात उशिरा आणण्यापासून वरणात मीठ विसरण्यापर्यंत. मध्येच अक्कांनी फोन घेतला आणि सांगितलं, "बाई नवी शे ना तुमनी? तिची ओटी भरानी शे." पलीकडे बायकोचा हुंदका ऐकू आला. नवरा म्हणाला, "येतो हो. गाडीने निघतो, पण नानांना म्हणावं आता पुरे."

मी आनंदाने पलंगावरची चादर तीनदा बदलली. आणि त्याच दुपारी चावडीवर ठरलं, की गाव बंद. वेशीवर बाभूळ तोडून टाकायची, बाहेरचं माणूस काय, बाहेरचं कोंबडंही आत घ्यायचं नाही. राखणीला कोण? सगळ्यांच्या माना नानांकडे वळल्या. नानांनी छाती फुगवून काठी घेतली आणि घरी आले.

"आणि आपले पाहुणे?" मी विचारलं. "खोली गावाच्या पलीकडे. रस्ता गावातूनच."

नानांची छाती हळूहळू खाली आली.

"फोन करून सांगा त्यांना, येऊ नका म्हणून," मी रडकुंडीला येऊन म्हणाले. मनातून मला ते यायलाच हवे होते, पण बोलायचं ते बोलले.

नानांनी असं बघितलं, जसं मी बैलजोडी कसायाला द्यायला सांगितली. "बोलावलेल्या पाहुन्याले येऊ नका म्हणू? आमना घरमा असं आजवर कोणी म्हटलं नही."

"मग वेशीवर काय म्हणणार?"

"वेशीवर मी गावना माणूस. घरमा मी घरना."

म्हणून तंगड्याचा तो डबल हुकूम. दुसऱ्या दिवशी गाडी आली तशी गावच्या नानांनी ती फवारणीच्या पंपाने धुतली. औषध इतकं कडक, की गाडीचा आरसा लाजून आत वळला. मग घरच्या नानांनी आंबे उतरवायच्या लांब काठीच्या झेल्यात टॉवेल-टोपी आणि नारळ ठेवून काट्यांवरून पलीकडे सरकवलं. त्याच झेल्यातून भरीत गेलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी गेली, ओटीचं सामान गेलं. मांडे मात्र झेल्यात मावेनात, तेव्हा अक्कांनी ते काठीवर धुणं वाळत घालतात तसे लटकवून पाठवले. जोडप्याने काचेतून एक हात बाहेर काढला, मग दुसरा, मग मास्क उतरले, मग गाडीची दोन्ही दारं उघडली. भरीत पोटात गेल्यावर रोगाची भीती कोणाला राहते?

"वाढू का अजून?" नाना गरजले.

"नको, नको! पोट फुटेल!"

"फुटू द्या! पण तिथंच फुटू द्या, आत येऊ नका!"

एव्हाना सगळं गाव काट्यांमागे जमलं होतं, एकमेकांपासून लांब उभं राहायचं म्हणून एकमेकांना ढकलत. आबाही आले आणि दगडावर बसले. मी पदर पुढे ओढला. आबांसमोर माझा पदर इतका पुढे असतो की त्या साथीत मला मास्क कधी लागलाच नाही.

हात धुऊन नवरा म्हणाला, "नाना, निघतो आम्ही. संध्याकाळी जिल्ह्याची हद्द बंद होणार म्हणतात."

जेवण म्हणजे मुक्काम नव्हे. पाडवा तोंडावर, बाकीच्या बुकिंग गेलेल्या, आणि आबा तिथे दगडावर हिशेबाला बसलेले. मी पदराआडूनच ओरडले, "नाना, मुक्काम!"

नानांनी माझ्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं. मग काठी जमिनीवर आपटली.

"खोली म्हंजे काय?" त्यांनी गावालाच विचारलं. "भिंती? भिंती तं बठ्ठासकडे शेतस! खोली म्हंजे खोलीमाधलं सामान! पाहुना खोलीमा जाऊ शकत नही, तर खोली पाहुन्याकडे येई!"

ट्रॅक्टर मळ्याकडे सुटला. परत आला तेव्हा ट्रॉलीत माझा पलंग होता, गादी, उशा, मच्छरदाणी, चारही पडदे, खुर्ची, टेबलफॅन, भिंतीवरचा आरसा, दाराबाहेरची "सुस्वागतम्" पाटी आणि पाटीमागचं दारसुद्धा, चौकटीसकट. कमोड तेवढा राहिला. तो काढायला पारोळ्याहून प्लंबर आणावा लागला असता, आणि तो बाहेरचा माणूस.

काट्यांची एक फट उघडून सामान पलीकडे ढकललं, फट पुन्हा बंद केली. जोडप्याने कडुलिंबाच्या सावलीत पलंग लावला. नानांच्या सूचनांवरून दार एका बाजूला रोवलं.

"दारातून आत जा!" नाना ओरडले. "बाजूने नाही! बाजूने भिंत शे!"

दोघं निमूट दारातून आत गेले, आणि बायकोने आतून कडीही लावली. नवरा पलंगावर आडवा झाला. बायको खुर्चीवर बसली. आता झोप यायला हवी होती. पण काट्यांमागून सगळं गाव बघत असताना झोप कोणाला येते? एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "डोळा उघडा शे त्याना." तिला गप्प करायला दहाजण "शूऽऽ" म्हणाले. त्या शूने लिंबावरचे कावळे उडाले. नाना कुजबुजले, "कोणी आवाज करू नका!" ती कुजबूज ऐकून पाहुणा उठून बसला.

मी हात जोडले. काय करणार? मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, जरा डोळा लाव, माझे चार रंग तुझ्या पापणीवर आहेत.

शेवटी भरिताने काम केलं. पाहुण्याची मान कलली. मग एक घोरणं ऐकू आलं, बारीक, धुळ्याच्या धाटणीचं. नानांनी काठी आडवी करून सगळ्यांना थोपवलं. पाहुणा चांगला झोपला, कूस बदलली, उशी छातीशी धरली, आणि सूर्य लिंबाच्या खाली आला तेव्हा कुठे जागा झाला. दार उघडून बाहेर आला, दार नीट लोटून घेतलं, नानांना लांबून नमस्कार केला आणि गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली.

थोड्या वेळाने माझा मोबाईल वाजला. त्याने ॲपवर लिहिलं होतं, "खोली अतिशय हवेशीर. यजमान प्रेमळ, आवाज थोडा मोठा."

मी धावतच आबांकडे गेले. पदर सावरायचाही राहिला. "आबा, पाहुणा आला, खोलीत झोपला, सगळ्या गावाने पाहिलं. हे बघा, लिहूनसुद्धा दिलं. आता नळ्यांचं काय म्हणता?"

आबांनी मोबाईल हातात घेतला नाही. ट्रॉलीत परत चढणाऱ्या पलंगाकडे, पडद्यांकडे, दाराकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मग दगडावरून उठले आणि धोतर झटकलं.

"खोली म्हंजे सामान ना? ते तुमनं. भिंती रिकाम्या व्हई गयात ना?" आबा म्हणाले. "ट्रॉली बी शे. नळ्या आजच भरी टाका."