झाफिरोताईनं घर कसं चालवलं

माझी ताई झाफिरो गेली. फुप्फुसं गेली तिची, सिगरेटी ओढून ओढून. आमच्या वोलोस बंदरातल्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, ह्या काय काम करायच्या, मी म्हणलं धंदा करायची, परवान्याचा धंदा, तर तो खाली बघायला लागला. मी म्हणलं, डॉक्टर, तुम्ही कशाला लाजताय, ती कधी लाजली नाही.

लोकांना एवढंच माहिती की ती बंदराकडच्या त्या घरात होती. घर तिनं कसं चालवलं ते कुणी विचारत नाही. म्हणून मी सांगते. मी दारावरच बसायचे, तरी मला पण सगळं कळलंय असं नाही.

आम्ही डोंगरावरच्या, सफरचंदांच्या गावच्या. ताईला लहानपणापासून एक खोड, कुणी काय सांगितलं की विचारायची, का? शाळेत बाई म्हणाल्या उभी राहा, तर ही म्हणणार, का? मार खायची आणि उभी राहून परत विचारायची.

आता आमच्याकडं धंदा कायद्यानं चालतो. परवाना लागतो, डॉक्टरची तपासणी लागते, ज्याचं घर त्याची सही लागते. पण आतली पद्धत जुनीच. पुरुष बाहेरच्या खोलीत बसणार, बाई आतून येऊन एक चक्कर मारणार, तो वरखाली बघणार आणि म्हणणार चालेल, नाहीतर म्हणणार, दुसरी कोण आहे? ताईनं हे कितीतरी वर्षं केलं. मला म्हणायची, "कामाचं काही नाही गं रिने, तू मासळीच्या कारखान्यात हात सोलून घेतेस तसंच. पण ती चक्कर. झोपले तरी पाय चालत असतात माझे."

मग त्या घरची म्हातारी मालकीण थकली आणि लेकीकडं निघून गेली. तेव्हा ताई आणि तिथल्याच दोघी, इव्हान्थिया आणि बल्गेरियाची रादका, अशा तिघींनी मिळून घर चालवायला घेतलं. मालकीण कुणीच नाही. जिची कमाई तिची, भाडं आणि वीज वाटून. दारावर मी.

पहिल्या दिवशी ताई स्वयंपाकघरात भेंडी निवडत होती, मान खाली घालूनच म्हणाली, "आजपासून चक्कर बंद."

"मग काय करायचं?" इव्हान्थिया म्हणाली.

"तो बाहेर बसेल. आपण इथनं दाराच्या फटीतनं बघायचं. जिला वाटलं तिनं उठायचं आणि जाऊन म्हणायचं, या. कुणालाच नाही वाटलं तर रिनी सांगेल, आज नाही."

रादका एवढी हसली की तिला ठसका लागला. "झाफिरो, उपाशी मारणार तू आम्हाला! आणि कुणी आवडलाच नाही तर?"

"आवडायचा कशाला? लग्न लावतोय का आपण? चालेल का, एवढंच बघायचं. ते पण तेवढंच बघतात ना?"

पहिला आला तो एक खलाशी. मी म्हणलं बसा, त्या बघतायत. "कोण बघतंय? मी बघणार ना?" मी म्हणलं नाही, इथं उलटं आहे. तो शिव्या देत गेला. त्या आठवड्यात बरेच गेले. मी ताईला म्हणलं, कारखान्यात परत जाऊ का? ती म्हणाली, थांब जरा, मला बघायचंय काय होतंय ते.

आणि व्हायला लागलं बाई काहीतरी. परत येणारे आंघोळ करून यायला लागले. एकजण खुर्चीत पोट आत ओढून बसायचा. स्तेर्गिओस म्हणून एक वायरमन होता, त्याला दोनदा नाही म्हणलं, तिसऱ्यांदा त्यानं मला हळूच विचारलं, "वहिनी, माझ्यात खोट काय आहे ते तरी सांगा." मी आत जाऊन विचारलं. रादका म्हणाली, तो आला की पंख्याकडं बघतो, वायरीकडं बघतो, माणसाकडं बघत नाही. मी तसंच सांगितलं. पुढच्या वेळी आला तो दारातच टोपी काढून मला "नमस्कार, तब्येत कशी आहे" म्हणाला. रादका उठली. त्याचं तोंड बघायला पाहिजे होतं, पोलिसात भरती झाल्यासारखं.

पण खरा प्रश्न होता तो मेनेलाओसचा. तो घरमालक, म्हातारी पण त्याचीच भाडेकरू. जुन्या मालकिणीच्या काळात दर शुक्रवारी फुकट यायचा. आमच्या परवान्याच्या कागदावर त्याची सही. त्यानं सही काढली की दार बंद.

शुक्रवारी आला. बसला, पाय पसरून. "काय गं, नवीन खेळ काढलाय म्हणे?"

मी कॉफी ठेवली आणि आत गेले. रादका म्हणाली, "मी नाही. त्याचा हात बाईला लागत नाही, भाडेकरूला लागतो."

इव्हान्थिया उठली. "जाते मी. घरासाठी."

ताई म्हणाली, "तुला चालत असेल तर जा. घरासाठी जात असशील तर बस खाली."

"आणि घर गेलं तर, झाफिरो?"

"कायद्यानं मी हे काम करू शकते. नको म्हणू शकते का, हे कोण सांगणार? मला वाटलं आपण सांगू."

इव्हान्थिया बसली. मला जावं लागलं. मी म्हणलं, "मालक, आज नाही."

"माझ्या घरात मलाच नाही? बोलव तिला!"

ताई आली, हात पुसत. तो म्हणाला, "झाफिरो, उद्या सही काढून घेतो मी."

"घ्या. पण कॉफी तेवढी पिऊन जा, थंड होतेय."

त्यानं सही काढलीच, कचेरीतनं महिनाअखेरीपर्यंत मुदत मिळाली. ताई रोज गावात घर शोधत हिंडायची. खोल्या रिकाम्या पुष्कळ, पण सही द्यायला कोण तयार? तोंडावर दार लावायचे. एकजण म्हणाला, गोदाम देतो, पण शुक्रवारी मी येणार. ताई हसत हसत घरी आली आणि मोरीत जाऊन रडली, मी ऐकलं.

मग कुणीतरी असिमिना आजीचं नाव सांगितलं. बटणांचं दुकान होतं तिचं, आता बंद, वर दोन मजले रिकामे. विधवा, देवळात जाणारी. ताईनं सगळं खरं सांगितलं, चक्कर, फट, आज नाही, सगळं. मी शेजारी बसून मनात म्हणत होते, आता काठी घेऊन उठेल.

आजीनं काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "पुरुष बाहेर बसतात आणि तुम्ही आतनं बघता? मला बघायचंय. मग सहीचं बघू."

दुसऱ्या दिवशी आली, काळा झगा, काळा रुमाल, हातात पर्स. स्वयंपाकघरात खुर्ची दिली तिला फटीजवळ. बाहेर दोघं बसलेले. एकानं कॉलर नीट केली, मग नखं बघितली, मग परत कॉलर. आजी तोंडावर रुमाल धरून हसायला लागली.

"हा नको," रादकाला कुजबुजली, "ह्याचा बाप पण असाच होता."

मग रुमाल खाली घेतला. म्हणाली, "मला बाबांनी हातात ट्रे दिला होता. पाकातल्या चेरी आणि कॉफी. जा म्हणाले बाहेर. तो बसला होता आईबरोबर. मी ट्रे ठेवला, त्यानं बघितलं, झालं. मी त्याचं तोंड पण नीट बघितलं नाही गं, ट्रे सांडेल म्हणून."

बाहेर त्या कॉलरवाल्याला मी सांगून आले, आज नाही. तो टोपी उचलून गेला.

"गेला?" आजी म्हणाली.

"गेला," ताई म्हणाली.

"आणि काहीच झालं नाही?"

"काय व्हायचंय?"

त्या दिवशी आजीनं सहीचं नावच काढलं नाही. दुसऱ्या दिवशी परत आली, बघत बसली. तिसऱ्या दिवशी सोबत बिस्किटं घेऊन आली. मुदत संपत आलेली, मी ताईला डोळ्यांनी खुणावतेय, विचार ना! ताई म्हणते, बघू दे तिला. शेवटी आजीच उठली आणि म्हणाली, चल, कचेरी बंद होईल.

कचेरीतला कारकून तरुण होता, आजीच्या दुकानातनं बटणं घेतलेल्या घरातला. तो हळूच म्हणाला, "आजी, त्या घरात काय चालणार आहे माहिती आहे ना तुम्हाला?"

आजीनं पेन मागितलं. "माहिती आहे रे बाबा. पुरुष बसणार आहेत, आणि वाट बघणार आहेत."