चढावर उभ्या ट्रकचं ऑइल

पहाटे साडेतीनला नवसूचा दिवस सुरू व्हायचा. मोखाड्याच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून पाऊण तास आत त्याचा पाडा. साडेचारला रस्ता गाठायचा, पाचची पहिली जीप धरायची, आणि सहाच्या आत जव्हारला चंदूशेठच्या आवारात ट्रकची ऑइलपट्टी ओढून बघायची. एकवीस वर्षं हे चाललं. शेठचा दिवस नऊला, चहाच्या दुसऱ्या कपानंतर सुरू व्हायचा. त्यामुळे नवसू किती वाजता येतो हे शेठला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

ट्रक जुना, सहा चाकी. माळावरचं गवत वाळलं की त्याच्या गाठी भरायच्या आणि भिवंडीच्या तबेल्यांना पोचवायच्या. परत येताना सिमेंट. भरला ट्रक घाट चढताना पहिल्या गिअरवर रडायचा. शेठला कुठल्याशा लग्नात कोणीतरी टर्बोचं, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या पंख्याचं, सांगितलं. शेठने भंगारातून एक टर्बो उचलला आणि रूपेश मिस्त्रीच्या पुढ्यात टाकला.

रूपेशच्या गॅरेजपेक्षा त्याचा बोर्ड मोठा होता. गाडीखाली जायला त्याला आवडत नसे, शर्ट खराब होतो. तो मोबाइलमध्ये बघून दुरुस्ती करी, आणि मोबाइलमध्ये जे दिसलं नाही ते गाडीत असूच शकत नाही असं धरून चाले. जुन्या इंजिनाला टर्बो बसवायचा तर नीट करणाऱ्याला तीन दिवस लागतात. याने ट्रक सकाळी घेतला आणि संध्याकाळी चावी परत दिली.

"चेंबर खाली उतरवलं होतंस का?" नवसूने विचारलं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची, ऑइल साठवायची परात.

"काका, तुम्ही स्टिअरिंग सांभाळा."

ट्रक घाट चढू लागला, खोटं कशाला बोला. तिसऱ्या गिअरवर चढायचा. शेठने चार जणांना आवारात बोलावून इंजिनाचा आवाज ऐकवला. आणि पंधरा दिवसांत ऑइल कमी व्हायला लागलं. थोडंथिडकं नाही, दर चार दिवसांनी दोन लिटर.

रूपेशने बॉनेट उघडलं, वरून डोकावला आणि म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागेल." इंजिन खोलायचं म्हटल्यावर शेठच्या कपाळाला आठी पडली. त्याला याहून स्वस्त कारण हवं होतं. ते सहा वाजल्यापासून त्याच्या आवारात उभं असायचं.

"नवश्या, ऑइल कुठं जातं रे?"

"शोधतो हाय, शेठ."

"जमिनीवर ठिपका नाही. इंजिनाला ओल नाही. मग काय वाऱ्यावर गेलं? डब्यात भरून पाड्यावर गेलं, दुसरं काय!"

मुनीम गोरख हसायच्या पगारावरच होता. तो म्हणाला, "शेठ, यांच्या पाड्यावर आता दिवेसुद्धा इंजिन ऑइलवर लागतात म्हणे."

"घरी चला, शेठ. झडती घ्या," नवसू म्हणाला.

"तुझ्या घरी येऊन चपला मळवू? रविवारपर्यंत दाखव ऑइल कुठं जातं ते. नाही दाखवलंस तर चावी ठेव, आणि नवश्या चोर आहे हे मी मोखाड्याच्या बाजारात उभा राहून सांगीन. बघू मग कोण तुला गाडी देतो."

तो सोमवार होता. एकवीस वर्षांत ज्याने ट्रकमधली सुतळीसुद्धा घरी नेली नाही, त्याला ज्याने स्वतःच्या ट्रकचं चाक कधी बदललं नाही तो चोर म्हणत होता.

घरी त्याने ताट बाजूला सारलं. फागीने विचारलं, "तू घेतलंस का?"

"नाय."

"मग जेव. चोर पोटभर जेवतात, आणि तू चोरी न करता उपाशी मरशील."

तो जेवला.

मंगळवारी त्याने टर्बोच्या दोन्ही बाजूंचे जोड सोडले, इंजिनाकडचा आणि सायलेन्सरकडचा. टर्बो इंजिनाच्या धुरावर फिरतो. धूर आधी टर्बोत जातो, मग सायलेन्सरमध्ये. रिंगा गेल्या असत्या तर ऑइल टर्बोच्या आधीही दिसलं असतं. नवसूने आत बोट घातलं. टर्बोच्या अलीकडे कोरडी काजळी होती, पलीकडे ओला काळा चिखल. म्हणजे रिंगा धडधाकट होत्या. ऑइल टर्बोतूनच धुरात मिसळत होतं आणि जळून जात होतं. हे कळायला एक पाना आणि एक बोट लागलं. रूपेशकडे दोन्ही होतं.

पण ऑइल जळलं तर निळा धूर दिसला पाहिजे, आणि वाटेत तो कधी दिसत नव्हता. बुधवारी मोखाड्याच्या बाजाराच्या मैदानात सपाटीला ट्रक उभा करून त्याने इंजिन वीस मिनिटं नुसतं चालू ठेवलं आणि मागे सायलेन्सरपाशी उकिडवा बसला. धूर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला. नाही. येणारेजाणारे विचारत, "काय रं नवसू, गाडी हगते का बघतोस?" तो म्हणे, "हो, तेच बघतो."

गुरुवारी संध्याकाळी शेठच्या आवारात सिमेंट उतरत होतं. ट्रकचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, कमजोर होता, आणि शेठ नवा घालत नव्हता. म्हणून माल उतरेपर्यंत इंजिन चालूच ठेवायचा हुकूम होता. आवाराला चढ. ट्रक वर तोंड करून उभा राही, कारण शेठला तो रस्त्यावरून तसाच ऐटदार दिसे. दहा मिनिटांनी सायलेन्सरमधून निळा धूर निघाला आणि हमालांच्या नाकात गेला.

"रोजचंच हाय," बाबल्या हमाल म्हणाला. "इथं आलं की खोकतो हा."

हे हमालाला माहीत होतं. शेठला नव्हतं, कारण शेठ काचेच्या आत बसायचा. ड्रायव्हरलाही नव्हतं, कारण माल उतरेपर्यंत नवसू पावत्या घेऊन गोरखपुढे ताटकळत असायचा. हे त्याने स्वतःला माफ केलं नाही.

शुक्रवारी तो गाडीखाली गेला, पाठीखाली पोतं घालून. टर्बोच्या दांड्याला वरून ऑइल दाबाने मिळतं. पण परत जाताना ते आपल्या वजनाने खाली पडतं. त्याला ढकलणारं कोणी नसतं. म्हणून परतीचा पाइप चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर शिरला पाहिजे. तसं भोक पाडायचं तर चेंबर उतरवा, वेल्डिंग करा, लोखंडाचा कीस धुऊन काढा. रूपेशने हे काहीच केलं नव्हतं. चेंबरच्या मागच्या बाजूला, खाली, एक जुना बोल्ट होता. तो काढून त्याने पाइप तिथंच खुपसला होता. ट्रक सपाटीला असला की ते भोक जेमतेम पातळीच्या काठावर असे. चढावर सगळं ऑइल मागे जमलं की ते बुडे. मग टर्बोतलं ऑइल खाली उतरायला वाट नसे. ते तुंबे, आणि सीलमधून धुरात शिरे. घाटातही असंच होत होतं, फक्त भरल्या गाडीच्या काळ्या धुरात निळा दिसत नव्हता.

रविवारी शेठ, गोरख आणि रूपेश आवारात उभे होते. नवसूने ट्रक वर तोंड करून चालू केला. दहा मिनिटांत निळा धूर आला.

"रिंगा," रूपेश म्हणाला.

नवसूने इंजिन बंद केलं. परतीचा पाइप चेंबरपासून सोडला, भोकाला तसलाच एक बोल्ट घातला आणि पाइपचं तोंड खाली एका डब्यात सोडलं. इंजिन पुन्हा चालू. डब्यात ऑइलची धार पडू लागली. सायलेन्सरमध्ये उरलेलं थोडा वेळ धुमसलं, आणि मग धूर थांबला. डबा भरत आला की तो ऑइल वरून परत इंजिनात ओती. वीस मिनिटं झाली. ट्रक तोच, चढ तोच, रिंगाही त्याच, आणि धूर नाही.

"आता रिंगा नव्या आल्या का रे?" बाबल्याने रूपेशला विचारलं.

रूपेश मोबाइल काढून म्हणाला, "मीपण हेच सांगणार होतो. पाइपचा प्रॉब्लेम असतो कधी कधी."

चोर म्हणताना शेठचा आवाज आवारभर गेला होता. चुकलो म्हणायला तो घशापर्यंतही आला नाही. शेठ म्हणाला, "बरं, मग नीट करून टाक. तुला येतंच आहे तर."

"करतो. मिस्त्रीची मजुरी लागेल. रूपेशला जी दिली तीच."

"तू ड्रायव्हर आहेस."

"मग मिस्त्रीला सांगा."

शेठने रूपेशकडे पाहिलं. रूपेशने शर्टाकडे. शेठने होकार दिला.

दोन दिवस लागले. नवसूने चेंबर उतरवलं, वेल्डरकडे स्वतः नेलं, वर, पातळीच्या चार बोटं वर, जाड नळी बसवून घेतली, आतला कीस तीनदा डिझेलने धुतला. पाइप कुठेही न वाकवता सरळ खाली उतरवला. मग ट्रक वर तोंड करून तासभर चालू ठेवला आणि मागे बसून राहिला. धूर आला नाही. घाट चढून उतरून आला, पट्टीवर ऑइल होतं तिथंच होतं.

तिसऱ्या दिवशी त्याने चावी गोरखच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?" शेठ म्हणाला. "झालं ना सगळं? मी काय मनात ठेवलंय का?"

"तुम्ही नाय ठेवलं."

"एवढ्या तेवढ्यावरून रुसतोस? बायको आहेस का माझी?"

"महिन्याचा पगार आणि ठरलेली मिस्त्रीची मजुरी द्या, शेठ. जीप सुटंल."

गोरख या वेळी हसला नाही. त्याला शेठकडून इशारा मिळाला नव्हता.

नवसूच्या घरामागे सरकारी योजनेतला संडास होता. ठेकेदाराने भिंती उभ्या केल्या, दार लावायच्या आधी फोटो काढला आणि निघून गेला. चार वर्षं फागी तिथं पोत्याचा पडदा धरून बसत होती. मिस्त्रीच्या मजुरीच्या पैशांतून नवसूने मोखाड्याहून लोखंडी दार आणलं, दोन्ही बाजूंनी रंगवलं, आणि आतून कडी बसवली.