झुमाना थांबायचा ती जागा

सेगू शहरात बुरामा सुमानोला त्याच्या नावाने हाक मारणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. सगळे त्याला नामूच म्हणतात. भाट कुळांची गाथा सांगायला बसला की त्याला हुंकार देणारा लागतो. वाक्य संपलं की त्याने मागून म्हणायचं, ‘नामू’. म्हणजे हो, खरं आहे, पुढे बोल. बुरामाने जन्मभर हेच केलं. झुमाना दांतेने न्गोनीच्या तारा छेडत सांगायचं आणि बुरामाने त्याच्या खांद्यामागे बसून नामू म्हणायचं. लग्न असो, बारसं असो, लोक झुमानाला डोक्यावर घ्यायचे. ‘काय सुरेख नामू म्हटलंस’ असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. तशी अपेक्षा करायला बुरामा खुळा नव्हता.

घरी मात्र या सवयीने घात केला. बायको, सीतान, झापायला लागली की याच्या तोंडून आपसूक नामू निघायचं. नामूने बोलणाऱ्याला जोर चढतो, म्हणून झापणं आणखी लांबायचं. ती वैतागून ओरडायची, “अहो, तो हुंकार तेवढा बंद करा, मला थांबता येत नाही!”

झुमाना गेल्या उन्हाळ्यात गेला. तेव्हापासून बुरामाचं तोंड बंद पडलं. नवे भाट आपापली माणसं घेऊन येतात. त्यांच्या मागे बसायला याला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी हा गेला नसता. त्याला झुमानाच हवा होता. उरली होती ती एक कॅसेट, नदीकाठच्या एका कोळ्याच्या घरच्या बारशातली. तीही टेपरेकॉर्डर गिळायला लागला, तेव्हा बुरामा घाबरला. ती कॅसेट घेऊन तो न्गोलो कुलिबालीच्या छत्रीखाली गेला. न्गोलो पूर्वी कॅसेटी विकायचा. आता लोकांच्या मोबाइलच्या कार्डात गाणी भरून देतो. सुमानो आणि कुलिबाली ही थट्टेची कुळं, एकमेकांना चवळीखाऊ म्हणून चिडवायची त्यांची जुनी रीत.

“काय रे चवळीखाऊ, जमेल का?”

“जमेल की काका. चवळी तुमच्याच घरची खातो, तुमचं काम नाही करणार?”

दुसऱ्या दिवशी न्गोलोने त्याच्या मोबाइलमध्ये कार्ड घातलं आणि चहाचा पेला पुढे सरकवला. झुमाना बोलू लागला. तोच घोगरा, तोच खट्याळ झुमाना! बुरामाचे डोळे भरून आले. पण जरा वेळाने त्याने कपाळाला आठी घातली.

“मी कुठे आहे?”

“म्हणजे?”

“माझं नामू कुठे गेलं?”

न्गोलोने मोबाइल कानाला लावला. न्गोनी खणखणत होती, तिच्याखाली नामूच्या जागी काहीच नव्हतं. एखाद्या ठिकाणी मडक्यात पाणी बुडबुडल्यासारखं काहीतरी, बस्स. “असं आहे काका,” तो ओशाळून म्हणाला, “कार्डात जास्त मावावं म्हणून मी आवाज अगदी बारीक दाबून भरतो. मोठ्या आवाजाखालचा बारका आवाज माणसाच्या कानाला येतच नाही. गिरणी चालू असताना काकू हाक मारतात, तुम्हाला येते का ऐकू? मग तो उगाच साठवायचा कशाला? हिशेबच असा बसवलाय, की माणसाला ऐकू येणार नाही ते टाकून द्यायचं. मी जरा जास्तच दाबलं, त्यात तुम्ही गेलात.”

आपण गेलो याचं बुरामाला एवढं वाईट वाटलं नाही. पण माणसाला ऐकूच येत नाही म्हणजे काय? न्गोनी तर झुमानाच्या छातीशी वाजायची, कानाच्या अगदी जवळ. मग झुमानाला तरी आपण कधी ऐकू आलो होतो का? की एवढी वर्षं आपण उगाच हवेला हो म्हणत बसलो? हे विचारायचं तर ज्याला विचारायचं तोच गेला.

“काका, तोंड पाडू नका. कॅसेट आहे माझ्याकडे. मोठी फाइल करतो, तुमचं नामू आणतो परत.”

“थांब,” बुरामा म्हणाला. “पुन्हा लाव.”

त्याने डोळे मिटले. झुमानाने वाक्य संपवलं. न्गोनीची धून एकदा फिरून आली. झुमाना बोलला नाही. धून पुन्हा फिरून आली, तरी नाही. मग पुढचं वाक्य आलं. पुढेही तेच. पुढे एका ठिकाणी न्गोनी किती वेळ तरी नुसतीच घुटमळत राहिली. बुरामाला आठवलं, त्या बारशात त्याला ठसका लागला होता. त्याला बोलता येईपर्यंत झुमाना पुढे सरकला नव्हता. कॅसेटवर ऐकताना ही थांबण्याची जागा त्याला कधी जाणवली नव्हती, कारण तिथे त्याचाच आवाज भरलेला असायचा.

“करू ना मोठी फाइल?” न्गोलोने विचारलं.

“नको रे, चवळीखाऊ. आहे हीच राहू दे.”

त्याने मोबाइल उचलला आणि खांद्यामागे बसल्यासारखा किंचित पुढे झुकला. झुमानाने वाक्य संपवलं आणि थांबला.

“नामू,” बुरामा म्हणाला.

झुमाना पुढे बोलू लागला.